उजवं चाक

सरांना ब्रेक दाबणं आवडत नसे. ब्रेक दाबला की पॅड घासतो, पॅड घासला की काळी भुकटी उडते, आणि ती जाऊन बसते कुठे, तर चाकाच्या चकचकीत रिमवर. नुसती बसली तर एक वेळ चाललं असतं. पण चाक तापतं, त्या तापाने ती भाजून चिकटते, आणि मग घासघासून हात दुखले तरी मेली निघत नाही. म्हणून लांबवर सिग्नल लाल दिसला रे दिसला की सर पाय उचलून घेत आणि गाडी आपली रमतगमत, मागच्यांचे हॉर्न खात, आपसूक जाऊन थांबे. "घाई कोणाला आहे?" असं ते म्हणत. मागच्या सगळ्यांना असे, पण प्रश्न त्यांना नव्हताच.

शाळेत ते विज्ञान शिकवत. तिथे सर होतेच, पण इमारतीतले शेजारी, मेहुणी, साडू, इतकंच काय दूधवालासुद्धा त्यांना सरच म्हणे. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. एकदा सर म्हणवून घ्यायची सवय जडली की माणूस घरातसुद्धा फळ्यासमोर उभा असल्यासारखा वावरतो. चहा उकळायला लागला की सर वाफेबद्दल सांगत. जेवताना पचनाबद्दल सांगत. बायको ऐकून घ्यायची आणि आणखी एक पोळी वाढायची.

रविवारची सकाळ मात्र चाकांची. पॅन्ट घोट्यावर दुमडून, बादली, मऊ ब्रश आणि फडक्यांची चळत घेऊन सर खाली उतरत. अंगावर शर्ट पांढराच, कारण "काम नीट करणाऱ्याचे कपडे मळत नाहीत" असं त्यांचं मत होतं. आधी साबणाने चाक धुवायचं, मग कोरडं करायचं, मग हाताची पालथी बाजू रिमला लावून ते गार आहे ना बघायचं, कारण तापलेल्या चाकावर काहीही लावलं तरी त्याचे डाग पडतात. मग पातळ थर द्यायचा आणि वाळला की पुसून काढायचा. असा थर बसला की भुकटीला धरायला जागाच राहत नाही, नुसत्या पाण्याने ती निघून जाते. हे सगळं खरंच आहे. सरांचं शास्त्र चुकीचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

थर कशाचा द्यायचा, यावर मात्र वाद होता. तळमजल्यावरचे औषधवाले मेणाच्या बाजूचे. त्यांचे वडील मेण लावत, म्हणून तेही मेण लावत. सरांनी बाजारात नवं आलेलं सीलंट आणलं आणि वाद न घालता प्रयोग मांडला. पुढच्या डाव्या चाकाला मेण, पुढच्या उजव्या चाकाला सीलंट. गाडी तीच, रस्ते तेच, चालवणारे तेच. "एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा," हे वाक्य ते वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते. आता अंगणात सांगायची सोय झाली.

पहिल्या काही महिन्यांत डावं-उजवं सारखंच मळलं. मग मात्र उजव्याने कमाल केली. डावं चाक आठवड्यात काळंकुट्ट व्हायचं आणि उजवं असं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. सरांना आधी आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. मग बसला, तो असा बसला की उठेना. "थर मुरायला वेळ लागतो," असं त्यांनी कारणही शोधून काढलं. उजव्या चाकाच्या आतली ब्रेकची चकती तांबूस झालेली त्यांना दिसली होती. धुण्याचं पाणी राहत असेल, असं म्हणून ते पुढे गेले.

औषधवाल्यांनी निमूटपणे सीलंटची बाटली घेतली. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी घेतली. हळूहळू रविवारी सरांभोवती पाच-सहा डोकी जमायला लागली. सर डाव्या चाकावर बोट फिरवून काळं बोट दाखवत, मग उजव्यावर फिरवून पांढरं बोट दाखवत. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या होत्या.

ह्याच दिवसांत बायको एकदा म्हणाली, "अहो, गाडी डावीकडे ओढतेय."

बायको गाडी उशिरा शिकली होती. तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर राहायची. आईचे गुडघे गेलेले, आणि डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले होते. तर आठवड्यातून दोनदा आईला तरणतलावावर न्यायचं, एवढ्यासाठी ही चाळिशी उलटलेली बाई क्लासला गेली, परवाना काढला आणि गाडी चालवायला लागली. आई पाण्यात उतरायची. ज्या बाईला जमिनीवर चार पावलं टाकताना भिंत लागे, ती डोक्याला घट्ट रबरी टोपी घालून पाण्यात ऐटीत चालायची आणि काठावर बसलेल्या लेकीला हात करायची. ते बघून घरी आलेल्या बायकोचा चेहरा सरांनी पाहिला होता. तेव्हा त्यांना बरंही वाटलं होतं.

"ओढतेय म्हणजे?" सरांनी विचारलं.

"ब्रेक मारला की डावीकडे जाते. आपोआप."

"आपोआप काही होत नसतं. तू ब्रेक मारताना स्टिअरिंगही वळवतेस. नवशिक्यांचं होतं तसं."

"मला शिकून दोन वर्षं झाली."

"तेच म्हणतोय मी."

ती त्यानंतरही दोन-तीनदा म्हणाली. सरांनी एकदा तिच्या समाधानासाठी इमारतीला फेरी मारली. आपल्या पद्धतीने, म्हणजे ब्रेकला पाय न लावता. गाडी सरळ गेली. सरळच जाणार! "बघ," म्हणाले, "माझ्या हातात कशी शहाण्यासारखी वागते."

मग एका रविवारी, अंगणात सगळे गाडीची वाट बघत जमलेले असताना, बायको आईकडून परत आली. फाटकातून आत वळताना वकीलबाईंची मांजर आडवी गेली. बायकोने जोरात ब्रेक दाबला. मांजर वाचली. गाडी डावीकडे वळून खांबाला घासली, आणि पत्र्याचा तो आवाज ऐकून वरच्या खिडक्या उघडल्या. बायको खाली उतरली. सगळ्यांदेखत तिने सरांकडे बघून म्हटलं, "मी वळवली नाही हो. ती गेली."

इथे माणसाने काय करावं? पाणी द्यावं, जवळ बसावं. सर हातातलं फडकं झटकत हसले आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले. औषधवाले तर इतके हसले की त्यांना खोकला आला. सर आणखी रंगात आले. "गाडी म्हणते, मला डावीकडे जायचंय! उद्या म्हणेल, मला माहेरी जायचंय!" बायकोने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ती जिना चढून गेली. त्या दिवसापासून तिने गाडी चालवली नाही. दोन बस बदलून ती आईकडे जायची. पण गुडघे गेलेल्या आईला बसमध्ये कशी चढवणार? तलाव बंद झाला. रबरी टोपी आईच्या खिडकीपाशी खिळ्याला लटकत राहिली, आणि आई पुन्हा भिंत धरून चालायला लागली. सर म्हणाले, मी नेईन. दोनदा नेलंही. मग परीक्षा आल्या.

पुढचं घडलं ते एका दुपारी. शाळा लवकर सुटली होती. सासूबाईंना तपासायला न्यायचं होतं, म्हणून सर टेकडीवर गेले. त्यांना परत घरी सोडून ते एकटेच उताराला लागले. तो उतार लांबलचक, वळणावळणाचा. तिथे पाय उचलून भागत नाही. समोर ट्रक, मागे ट्रक, सरांना पायथ्यापर्यंत ब्रेक दाबावा लागला. चाकं मळणार म्हणून ते चरफडत होते. गाडी मधूनमधून डावीकडे जात होती. रस्त्यालाच तिकडे उतार असेल, असं ते मनाशी म्हणाले.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी बादली काढली. रविवारपर्यंत धीर कोण धरणार? भुकटी भाजून चिकटायच्या आत धुवायला हवी होती. ते डाव्या चाकाशी बसले आणि सवयीने हाताची पालथी बाजू रिमला लावली. चटका बसला. हात झटकून, फुंकर घालून ते उठले. हे निवेपर्यंत दुसरं करू, म्हणून उजव्या चाकाशी गेले आणि हात जपून, अंतर राखून पुढे नेला. धग लागेना. आणखी जवळ नेला. मग रिमवर अख्खा तळवाच टेकवला.

चाक गार होतं. सकाळी घडवंचीवरची पाण्याची भांडी असतात तसं गार.

सर तसेच उकिडवे बसून राहिले. एवढा उतार, एवढे ब्रेक, आणि एक चाक भाजून निघालंय, दुसऱ्याला पत्ता नाही. तापलं नाही म्हणजे घासलं नाही. घासलं नाही म्हणून भुकटी नाही. आतली चकती तांबूस, म्हणजे गंजलेली, म्हणजे तिला कितीतरी दिवसांत पॅड लागलेलाच नाही. आणि एकाच बाजूचा ब्रेक लागला तर गाडी कुठल्या बाजूला जाईल? हा प्रश्न त्यांनी सातवीच्या वर्गात विचारला असता तर मागच्या बाकावरूनही हात वर झाला असता.

ती कितीदा म्हणाली होती. आणि नुसती ती नव्हे, शेजारच्या सीटवर तिची आई असायची.

सरांच्या कानशिलांना धग लागली. त्यांनी पटकन आजूबाजूला बघितलं, कोणी पाहत तर नाही ना. चोराच्या मनात चांदणं. अंगणात कोणीही नव्हतं. त्यांनी बादली उचलली, चाकं न धुताच गाडी बाहेर काढली आणि ती गॅरेजात नेली, पण नेहमीच्या नव्हे, तर जिथे त्यांना कोणी सर म्हणत नव्हतं अशा.

"उजव्या बाजूचा ब्रेक पार मेलाय," मेकॅनिक गाडीखालून म्हणाला. "पॅड दाबणारा पिस्टन गंजून अडकलाय. बरेच दिवस झाले असतील. ब्रेक मारताना ओढत नव्हती का एका बाजूला?"

"मला तरी नाही जाणवलं."

"घरात आणखी कोण चालवतं?"

सरांनी गॅरेजाच्या भिंतीवरच्या पान्यांकडे बघितलं. "कोणी नाही," ते म्हणाले.

हे त्यांचं खरं पाप. आधीची चूक होती, चूक कोणाकडूनही होते. पण हे दोन शब्द त्यांनी तोलून मापून उच्चारले होते आणि उच्चारताना त्यांना कळत होतं की आपण काय करतोय.

आणि मग त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. दुरुस्त झालेली गाडी घरी आणून ते बायकोला म्हणाले, "चल, तू पुन्हा चालवून बघ. मी शेजारी बसतो. घाबरू नकोस." कशाला सांगायचं, असा हिशेब त्यांनी केला. गाडी नीट झाली, तिचा आत्मविश्वास परत येईल, आई पुन्हा पाण्यात उतरेल. सगळ्यांचं भलंच होतंय ना? झाकली मूठ झाकलेली राहू दे.

बायको आधी नाहीच म्हणाली. मग आईची टोपी आठवली असेल, बसली. मोकळ्या रस्त्यावर सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने जोरात ब्रेक दाबला. दाबताना डोळे मिटले होते, ते सरांनी पाहिलं. गाडी सुतात थांबली. तिने डोळे उघडले. पुन्हा करून बघितलं. पुन्हा सरळ.

"अहो!" ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. "जमलं की! तुम्ही शेजारी होतात म्हणून."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

ती तेवढ्यावर थांबली असती तर सर मूग गिळून बसले असते आणि गोष्टही इथे संपली असती. पण ती मनाने मोकळी. तिने बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, ह्यांनी शिकवलं मला, ब्रेक कसा मारायचा ते." अंगणात औषधवाले म्हणाले, "वहिनींना तयार केलंत हं सर! शेवटी शिक्षक तो शिक्षकच." सासूबाई पहिल्यांदा पुन्हा पाण्यात चालून आल्या त्या दिवशी ओल्या केसांनिशी जावयाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून हो." सर कानकोंडे होऊन उभे. कौतुकाचा एकेक शब्द कानफटात बसावा तसा बसत होता आणि वर गाल पुढे करून हसायचं होतं. जेवणात लक्ष लागेना. वर्गात एकदा ते बलाबद्दल सांगता सांगता मध्येच थांबले, आणि पोरांना वाटलं सरांना बरं नाही.

एका संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. तेव्हा मी उगाच गाडीला दोष दिला हो. माझंच चुकत होतं. सगळ्यांसमोर तुम्हाला खाली बघायला लावलं."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागायची, आणि ती आपण घ्यायची?

"तुझं चुकत नव्हतं," ते म्हणाले. "गाडी ओढत होती."

तिने हातातली उशीची खोळ खाली ठेवली. सरांनी सांगितलं. गार चाक, गंजलेली चकती, मेलेला ब्रेक. मेकॅनिकने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. सांगताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

ती म्हणाली, "आई बसायची त्या गाडीत."

"हो."

"आणि दुरुस्त केलीत त्या दिवसापासून मी तुमचे आभार मानतेय. रोज."

"हो."

"मला वाटायला लागलं होतं की माझ्या हातांनाच काहीतरी झालंय," ती म्हणाली. "झोपताना हात बघायची मी." तिने तेव्हाही हात पुढे धरून पाहिले. मग खोळ उचलून तिची घडी पूर्ण केली. सर म्हणाले, माझं चुकलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? मला माहीतच होतं, ती ओढते ते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. खाली बोलला होतात. खालीच सांगा."

रविवार उजाडला. सर पांढरा शर्ट घालून, बादली घेऊन खाली उतरले, पण पॅन्ट दुमडली नव्हती. आठवडाभर त्यांनी चाकांना हात लावला नव्हता. औषधवाले आले, वकीलबाई मांजर कडेवर घेऊन आल्या, आणखी दोघे-तिघे आले. सरांनी बादली खाली ठेवली.

"तुम्हाला मी उजवं चाक दाखवायचो," ते म्हणाले. "ते स्वच्छ राहायचं ते सीलंटमुळे नाही. त्या चाकाचा ब्रेक बंद पडला होता. गाडी खरंच डावीकडे ओढत होती. ही मला सांगत होती आणि मी ऐकलं नाही. त्या दिवशी खांबाला गाडी लागली ती हिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. आणि नंतर मी हिला काहीही शिकवलं नाही. गुपचूप ब्रेक दुरुस्त केला आणि कौतुक खात बसलो."

कोणीतरी खाकरलं.

"म्हणजे मी दोन बाटल्या घेतल्या त्या..." औषधवाल्यांनी सुरुवात केली. वकीलबाईंनी त्यांना कोपर मारलं.

"सीलंट चांगलं आहे," सर म्हणाले. "प्रयोग वाईट होता. आणि मी त्या दिवशी एक म्हण वापरली होती." त्यांनी फाटकाच्या खांबाकडे बघितलं. "अंगण वाकडंच होतं."

"जाऊ द्या हो सर, होतं असं," कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. त्या दिवशी तिच्यावर हसले तसे आज आपल्यावर का हसत नाहीत? सरांना लोक सर म्हणतात म्हणून, आणि तिला नाही म्हणून. हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा आधीच्या शरमेवर आणखी एक थर चढला.

जिन्यावर पावलं वाजली. बायको हातात किल्ली आणि खांद्याला आईच्या टॉवेलची पिशवी घेऊन खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं, पहिल्या मजल्याची खिडकी उघडीच होती. ती कोणाशी न बोलता गाडीच्या पुढून गेली आणि उजव्या चाकापाशी वाकली. चाक काळं झालं होतं, डाव्याइतकंच काळं. तिने त्यावर एक बोट फिरवलं आणि उजेडात धरून नीट पाहिलं.

मग ती सरांपाशी आली आणि ते बोट तिने त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर पुसलं. सावकाश, बोट स्वच्छ होईपर्यंत.

"आता ठीक आहे," ती म्हणाली. गाडीत बसली, फाटकापाशी ब्रेक दाबून सरळ थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि आईकडे निघून गेली.

सरांनी बादलीतलं पाणी झाडांना घातलं. संध्याकाळी ती परत आली, तेव्हा ते तोच शर्ट घालून दारात उभे होते.